भुताचे पिक्चर आणि पप्पांची पाठ

दर ऑक्टोबरात ऑफिसातलं कुणीतरी कॉफीच्या मशीनपाशी मला विचारतंच, की हॅलोविनसाठी तुझा आवडता भुताचा पिक्चर कुठला? हल्ली इकडे सप्टेंबर संपायच्या आतच कुंपणांवर प्लॅस्टिकचे सांगाडे लटकायला लागतात. दक्षिण गोलार्धातल्या भर वसंतात, जॅकरँडाची झाडं जांभळी फुललेली असताना, लोक घाबरायची हौस भागवून घेतात. मी हसून म्हणते, "नॉट माय थिंग, मेट." हे साफ खोटं आहे. त्या सगळ्यांनी मिळून बघितले नसतील इतके भुताचे पिक्चर मी शाळेत असताना एका महिन्यात बघितले. आवडता मात्र त्यातला एकही नाही. माझी पाचावर धारण बसायची. तरी रोज एक नवा आणत होते, कारण तो चालू असेपर्यंत पप्पा खुर्चीतून उठत नसत, आणि खुर्चीतून न उठलेले पप्पा म्हणजे जिवंत पप्पा, एवढा एकच हिशोब मला तेव्हा कळत होता.

आम्ही वॉलॉंगॉंग या समुद्राकाठच्या शहरात राहायचो, पप्पा, मम्मी आणि मी. घर लाकडी होतं, डोंगराच्या पायथ्याशी, आणि मागून कोळशाच्या मालगाड्या जायच्या तेव्हा कपाटातल्या बश्या किणकिणायच्या. मम्मी तिथल्या हॉस्पिटलमध्ये नर्स होती आणि पप्पा इंजिनिअर. दोघंही वसईचे, त्यामुळे घरात दोन वास कायम असायचे, एक तिकडून येणाऱ्या मसाल्याचा आणि दुसरा बरणीत जपून ठेवलेल्या सुकेळ्यांचा, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांचा. रविवारी चर्चमधून मिस्सेहून आलं की फुगे, म्हणजे आंबवलेल्या मैद्याचे गोळे, तळायचं काम पप्पांचं. त्या वेळी ते शिट्टी वाजवायचे, तेल उडालं की मोठ्याने ओरडायचे, आणि पहिला फुगा तोंडात कोंबून जीभ भाजून घ्यायचे. दर रविवारी. मम्मी म्हणायची, या माणसाला देवाने धीर सोडून सगळं दिलं.

त्या वर्षी हिवाळ्यात हे सगळं थांबलं. कसं थांबलं ते मला आजही नीट सांगता येत नाही, आणि कारण विचारणाऱ्यांचा मला राग येतो. नोकरीत काही झालं नव्हतं. वसईत कुणी गेलं नव्हतं. आधी शिट्टी गेली, मग झोप गेली, मग जेवण. मग ते रजेवर घरी राहिले आणि दिवसभर हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत चालत राहायला लागले. त्यांच्या सपातांचा लाकडी जमिनीवर होणारा आवाज मी अभ्यासाच्या टेबलाशी बसून ऐकायचे. आवाज थांबला की माझं पेनही थांबायचं, आणि तो पुन्हा सुरू झाला की मी वहीत दोन ओळी लिहायचे.

एक दिवस मम्मीने मला मागच्या लाँड्रीत बोलावलं. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून कपडे धुवायचं मशीन चालू केलं. म्हणाली, "ग्रेसी, पप्पांना एकटं सोडायचं नाही. मी शिफ्टला गेले की तू. तू शाळेत गेलीस की मी. बाथरूमला गेले तरी कान तिकडे ठेवायचा."

"का?"

"का म्हणून विचारू नकोस. तुला कळतंय."

मला कळत होतं. घरातल्या काही वस्तू तिने आधीच गाडीच्या डिकीत नेऊन ठेवल्या होत्या, तेही मी पाहिलं होतं. मी विचारलं, "तुझ्या हॉस्पिटलमध्ये का नाही नेत?" तर ती टॉवेलच्या घड्या घालत राहिली. म्हणाली, "तिथे मला सगळे ओळखतात. आणि इथे कुणाला कळलं की संध्याकाळपर्यंत वसईत कळतं. एकदा माणसाला तो शिक्का बसला की निघत नाही, बाळा." फादरना, शेजाऱ्यांना, पप्पांच्या ऑफिसला, सगळ्यांना तिने एकच सांगितलं होतं, की पाठीचा त्रास आहे, मणका सरकलाय, आराम सांगितलाय. दिवसभर दुसऱ्यांच्या नातेवाइकांना काही लपवू नका म्हणून बजावणारी बाई ती. घरी आली की भीतीने तिचंही शहाणपण गळून पडायचं.

मम्मीने दुपारच्या शिफ्ट मागून घेतल्या. ती दोनच्या सुमाराला निघायची आणि माझी शाळा त्यानंतर सुटायची. मधल्या त्या वेळात पप्पा एकटे असायचे, आणि तो वेळ भरून काढायला आमच्याकडे तिसरं माणूस नव्हतं. बस थांबली की मी दप्तर छातीशी धरून धावत सुटायचे. वाटेतल्या झाडावर घरटं केलेला मॅगपाय पक्षी त्या दिवसांत सगळ्यांच्या डोक्यावर झडप घालायचा, बाकीची मुलं त्याला चुकवायला रस्ता ओलांडायची. मी सरळ त्याच्या खालून जायचे. कुंपणापाशी पोचून सपातांचा आवाज येतोय का ते ऐकायचे, आणि आला की तिथेच थोडा वेळ उभी राहून रडून घ्यायचे, म्हणजे आत गेल्यावर डोळे कोरडे असायचे.

भुताचा पिक्चर पहिल्यांदा आणला तो मैत्रिणीसाठी. रस्त्याच्या टोकाला वेरा नावाच्या बाईचं डीव्हीडीचं दुकान होतं. हॅलोविन तेव्हा इकडे नुकतंच शिरत होतं. वेराने काउंटरवर एक प्लॅस्टिकचा नारिंगी भोपळा ठेवला होता आणि एका रॅकवर सगळे भीतीचे पिक्चर काढून मांडले होते. मैत्रीण आयत्या वेळी आली नाही, म्हणून मी एकटीच लावून बसले. पडद्यावर एक बाई जिन्यावरून खाली येत होती आणि जिना संपतच नव्हता. तेवढ्यात सपातांचा आवाज माझ्या मागे येऊन थांबला. पप्पा खुर्चीच्या कडेला टेकले, मग मागे रेलले, आणि पिक्चर संपेपर्यंत उठले नाहीत. दीड तास. कित्येक आठवड्यांत ते इतका वेळ एका जागी बसले नव्हते. शेवटी म्हणाले, "दुसरा आहे?"

त्या दोन शब्दांवर मी महिना काढला. हसायचे पिक्चर लावून बघितले, ते पाच मिनिटांत उठून गेले. हिंदी लावला, तर गाणं सुरू झाल्यावर त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते न्हाणीघरात गेले, आणि मी दाराबाहेर उभी राहून उगाचच त्यांना गणितातल्या शंका विचारत राहिले. क्रिकेटने काही झालं नाही. फक्त भुतांनी ते बसायचे. का, ते तेव्हा मला कळत नव्हतं. आता वाटतं, की त्यांच्या आत जे चाललं होतं त्याला चेहरा नव्हता, आवाज नव्हता, आणि पडद्यावर निदान ते दाराआडून बाहेर यायचं. पण हे मी आज म्हणते. त्या वेळी मला शास्त्र नको होतं, मला फक्त रोज एक डिस्क हवी होती.

अडचण उजेडाची होती. घड्याळं नुकतीच तासभर पुढे केलेली, सूर्य जेवणाच्या वेळेपर्यंत आकाशात, आणि हॉलची खिडकी पश्चिमेला. पडद्यावर पिक्चरऐवजी आमचीच तोंडं दिसायची. पप्पांना स्वतःचं तोंड दिसलं की ते उठायचे. म्हणून मी मिंकची दोन ब्लँकेटं, एक वाघाच्या चित्राचं आणि एक मोरांच्या, कपड्यांचे चिमटे लावून खिडकीवर टांगली. बाहेर लोक हिरवळ कापत असायचे, आणि आत वाघाच्या पोटातून लालसर उजेड यायचा, आणि त्यात आम्ही दोघं कढीभाताच्या ताटल्या मांडीवर घेऊन बसलेलो. भूत आलं की पप्पा नकळत एक घास खायचे. मम्मीला मी ते फोनवर सांगायचे, म्हणजे ती शिफ्ट पुरी करू शकायची.

आणि भुताचाही वाटेल तो पिक्चर चालत नसे. ज्यात बाप मरतो तो नको. दोर नको, पाणी नको, उंच कडा नको. डीव्हीडीच्या डब्यावर हे काही लिहिलेलं नसतं. मी वेराला एकेक हातात घेऊन विचारायचे, "यात वडिलांचं काय होतं?" पहिल्यांदा ती हसली. म्हणाली, "फॉर अ हॉरर फॅन यू आर प्रिटी फसी, लव," म्हणजे फारच चोखंदळ. पण माझ्या तोंडाकडे बघून तिने पुन्हा कधी थट्टा केली नाही. मी दारातून शिरले की ती स्वतःच सांगायची, "धिस वन्स ओके. द डॅड गेट्स आऊट," म्हणजे वडील वाचतात. तिने मला कधी काही विचारलं नाही.

वसईत नोव्हेंबर लागताना आपल्या माणसांच्या कबरी घासूनपुसून साफ करतात, फुलं घालतात, मेणबत्त्या लावतात. आम्हाला लहानपणी मेलेल्यांची भीती कुणी घातलीच नव्हती. ऑक्टोबरच्या अखेरीला मम्मीने सवयीने कागदाची फुलं करायला घेतली, चर्चमध्ये ठेवायला. मला मेलेल्यांचं काही वाटत नव्हतं. माझा सगळा जीव एका जिवंत माणसापाशी टांगणीला लागलेला होता, आणि तो माणूस समोर बसून कढीभात चिवडत होता.

हॅलोविनच्या आदल्या दिवशी मम्मीची सुट्टी होती. त्या दिवशीचा पिक्चर एका बेटावरच्या शाळेचा होता. सुट्टी लागते, मुलांना न्यायला बोट येते, बाई मुलं मोजून बोटीत बसवतात, आणि बोटीवर मोजलं की एक मूल जास्त भरतं. पुन्हा मोजलं तरी जास्त. सगळे चेहरे ओळखीचे, सगळी नावं हजेरीतली. नावाडी म्हणतो, एकाला उतरवल्याशिवाय मी बोट सोडणार नाही. पप्पा पहिल्यांदाच खुर्चीत पुढे झुकून बसले होते. म्हणाले, "कुठलं गं उतरवणार ती?" मी म्हटलं, "बघू या ना." आणि दारावरची बेल वाजली.

सिसिलिया आंटी. आमच्या प्रार्थनामंडळाची प्रमुख, फिगट्रीला राहायची, आणि अख्ख्या वॉलॉंगॉंगमधल्या मराठी कॅथलिकांच्या घरात कुणाला सर्दी झाली तरी हिला आधी कळायचं. बाई मनाची वाईट नव्हती. मम्मीच्या प्रत्येक आजारपणात तिने डबा पोचवला होता. आज ती पप्पांच्या पाठीसाठी प्रार्थना करायला चार बायका, पवित्र तेलाची कुपी आणि डबाभर चिकन घेऊन न सांगता आली होती. बाहेर लख्ख ऊन. ती आत आली आणि काळोखात वाघासमोर उभी राहिली. पडद्यावर नावाडी बोट न सोडता उभा, आणि जमिनीवर पसरलेल्या डिस्कांवर दात, रक्त, पांढरे डोळे.

"जेजू!" ती छातीवर क्रूस करत म्हणाली. "लुसी, हे काय गं? दिवसाढवळ्या काळोख करून हे बघता?"

मम्मी स्वयंपाकघरातून हात पुसत आली.

"सगळी मिस्सेला विचारतात, सायमनची पाठ का बरी होत नाही. कशी होईल? या दिवसांत आपण आपल्या आत्म्यांसाठी जपमाळ म्हणायची, आणि तुम्ही घरात हे शिरवून घेताय! हे कुणी आणलं?"

"मी," मी म्हटलं. "पप्पांना आवडतात."

"आवडतीलच. सैतान तसाच शिरतो, आवडीतून."

मी मम्मीकडे बघितलं. तिने एक वाक्य बोलायचं होतं. आंटी, पाठीला काही झालेलं नाही. एवढंच. तिच्या घशाशी ते आलेलं मी पाहिलं, कारण तिने तोंड उघडलं होतं. मग तिने चार बायकांकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरोबर बोलतात आंटी. मीच लक्ष द्यायला हवं होतं."

चिमटे निघाले, ब्लँकेटांच्या घड्या झाल्या, हॉलमध्ये एकदम इतका उजेड आला की पप्पांनी डोळ्यांवर हात घेतला. बायकांनी त्यांना स्टुलावर बसवलं, शर्ट वर केला आणि त्यांच्या निरोगी पाठीला तेल चोळत प्रार्थना म्हटली. पप्पा मान खाली घालून बसले होते. त्यांच्या बरगड्या मोजता येत होत्या आणि ते पाचही जणींना दिसत होतं, पण पाठीसाठी आलेल्या बायकांनी पाठच बघितली. जाताना आंटीने सगळ्या डिस्का पिशवीत भरल्या. म्हणाली, मी वाटेत दुकानात टाकते, तुम्ही हात लावू नका. मी तिच्या हातातून बेटाची डिस्क ओढली. "अजून संपला नाहीये!" मी किंचाळले. मम्मीने माझं मनगट धरलं आणि डिस्क सोडवून आंटीला दिली. त्या रागाने आज इतक्या वर्षांनीही माझे कान तापतात.

दुसऱ्या दिवशी मम्मी शिफ्टला गेली, मी शाळेतून धावत आले, कुंपणापाशी थांबले, आणि आवाज आला नाही. दार उघडं होतं. सपाता दारात काढून ठेवलेल्या, जोडीने, नीट. मी सगळ्या खोल्या बघितल्या, लाँड्री बघितली, मागचं शेड बघितलं, आणि प्रत्येक दार उघडायच्या आधी मला जे वाटलं ते मी इथे लिहिणार नाही. मग रस्त्यावर आले. उन्हात दोन-तीन पोरं चेटकिणीच्या टोप्या घालून दारोदार चॉकलेटं मागत फिरत होती. मी त्यांच्यामधून धावत वेराच्या दुकानात शिरले.

"युअर डॅड वॉज हिअर," ती मला बघताच म्हणाली. "नो शूज. त्याला तो बोटीचा पिक्चर हवा होता. काल एका बाईने परत आणला आणि आज सकाळीच कुणीतरी नेला, हॅलोविन ना. मी सॉरी म्हटलं. तो म्हणाला, इट्स ऑलराइट, इट डझंट मॅटर." मग तिचा चेहरा बदलला. "लव, तो हार्बरकडे गेला."

बंदराजवळ दगडांचा लांब बांध आहे, समुद्रात आत गेलेला. तिथे नेहमीची दुपार चालली होती. गळ टाकून बसलेले म्हातारे, बादल्या, चिप्स मागणारे सीगल. पप्पा सगळ्यात शेवटच्या दगडांवर बसले होते, जिथे कुणी बसत नाही. पायातून रक्त येत होतं. हाक मारायची मला हिंमत झाली नाही, दचकले तर काय, म्हणून मी दगडादगडावरून उतरत गेले आणि त्यांच्याशेजारी बसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"तो पिक्चर नव्हता दुकानात," ते म्हणाले.

"मला माहितेय शेवट," मी म्हटलं. मला माहीत नव्हता. "शाळेत सांगितला एकीने. सांगू? घरी चला, वाटेत सांगते."

"इथेच सांग."

मग मी सांगत सुटले. म्हटलं, बाई एकेका मुलाला त्याच्या आईचं नाव विचारतात, आणि एकाला ते येत नाही. पप्पा पाण्याकडे बघत राहिले. मग म्हटलं, नाही, तसं नाही, जास्तीचं मूल नसतंच, बाईच जास्तीच्या असतात, त्या कधीच मेलेल्या असतात. मग बोट जाते आणि त्या किनाऱ्यावर राहतात. हे तोंडातून निघाल्यावर मला कळलं की मी भलतंच बोलले, आणि मी घाईघाईने म्हटलं, पण नावाडी परत येतो, तो येतो पप्पा, त्याला वाईट वाटतं, तो बोट वळवतो. लाट आली, आमचे पाय भिजले. पप्पांनी पाय मागे घेतले नाहीत. माझ्याकडचं सगळं संपलं होतं. महिनाभर मी त्या घरात नर्स होते, पहारेकरी होते, चोखंदळ हॉरर फॅन होते. मुलगी व्हायला मला वेळच झाला नव्हता.

"पप्पा," मी म्हटलं, "मला खूप भीती वाटते. पिक्चरची नाही. तुमची."

त्यांनी मान वळवली. कितीतरी दिवसांनी ते माझ्याकडे बघत होते.

"मला पण," ते म्हणाले. "मला पण तीच भीती वाटते, ग्रेसी. रोज."

मग मी मम्मीला फोन लावला, आणि ती येईपर्यंत आम्ही एकमेकांची मनगटं धरून बसलो. मम्मी युनिफॉर्ममध्येच आली, बांधावरून पळत, एक म्हातारा तिच्या वाटेतली बादली बाजूला करत होता. तिने आपले बूट काढून पप्पांच्या पायात घालायचा प्रयत्न केला, ते मावेनात, तरी ती घालतच राहिली. मग तिने गाडी घराकडे न वळवता सरळ हॉस्पिटलला नेली.

तिथून पुढची वर्षं काही सोपी गेली नाहीत. पप्पा बरे झाले, पुन्हा आजारी पडले, पुन्हा बरे झाले. आज ते वेंटवर्थव्हिलला माझ्या घरी राहतात, सत्तरी ओलांडलेले, दोन गोळ्या आणि एक डुलकी घेणारे. डॉक्टरांनी काय केलं, औषधांनी काय केलं, ते त्यांचं त्यांना माहीत. मला आठवतो तो इमर्जन्सीचा काउंटर. त्या काचेमागे मम्मीच्याच ओळखीची शॅरन बसली होती, दोघींनी कितीतरी शिफ्ट एकत्र केलेल्या. तिने मम्मीला बघून हात हलवला. "बॅक सो सून, लूस? काय विसरलीस?" मागे रांगेत माणसं होती. त्यातली एक बाई आमच्याच चर्चची होती, मम्मीने तिला पाहिलं, मी मम्मीला पाहताना पाहिलं.

"धिस इज माय हजबंड," मम्मी म्हणाली, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "ही वॉन्ट्स टू डाय. आय डोन्ट वॉन्ट हिम टू."

शॅरनचा हात तसाच वर राहिला. मग तिने पप्पांकडे बघितलं आणि अगदी हळू विचारलं, "इज दॅट राइट, डार्ल?"

"हो," पप्पा मराठीत म्हणाले.

शॅरनला मराठीचं अक्षर येत नव्हतं. तिने टेबलाखालचं बटण दाबलं, आणि आतलं दार उघडलं.